शेषशायी आणि शाळा

जून २०२४ मध्ये सिंदखेडराजा येथे लखुजीराव जाधवांच्या समाधीच्या परिसरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे जतनाचे काम चालू होते. त्या वेळी जमिनीखालून प्रथम एका शिवमंदिराचे अवशेष आणि नंतर सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची एक मोठी मूर्ती प्रकाशात आली. मूर्तीची लांबी १.७० मीटर, उंची एक मीटर. शेषाच्या वेटोळ्यांवर पहुडलेला विष्णू, पाय चेपणारी लक्ष्मी, आणि खाली समुद्रमंथनाचा देखावा. त्यात मंथनातून निघालेला अश्व आहे, ऐरावतही आहे. वऱ्हाडात आणि मराठवाड्यात सापडणारी बहुतेक शिल्पे येथल्याच काळ्या बसाल्टची असतात. ही मूर्ती मात्र क्लोराइट शिस्ट या तुलनेने मऊ दगडात घडविलेली आहे. हा दगड दक्षिणेकडील शिल्पांत अधिक आढळतो, आणि त्यामुळेच दागिन्यांची कड न् कड उठून दिसेल इतके बारीक काम शिल्पकाराला करता आले.

मूर्ती निघताच गावात दोन भावना एकदम जाग्या झाल्या. एक भक्तीची आणि दुसरी हक्काची. ती नागपूरला हलवू नये, सिंदखेडराजातच राहावी, अशी मागणी झाली. ही मागणी अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. राष्ट्रमाता जिजाऊंच्या जन्मगावी सापडलेली वस्तू त्या मातीतच असावी असे गावाला वाटणे साहजिक आहे. शिवाय वऱ्हाडातून निघालेल्या कितीतरी वस्तू नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात जाऊन बसल्या आहेत, हा अनुभवही जुना आहे. अकोला जिल्ह्यातील राजनापूर खिनखिनी येथील जैन धातुमूर्ती तेथेच आहेत. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या त्या 'अजब बंगल्या'ने त्या वस्तू जतन केल्या, अभ्यासकांना उपलब्ध करून दिल्या, याबद्दल त्या संस्थेचे ऋण मान्यच करावे लागेल. परंतु मूर्तिजापूरकडच्या किंवा बुलढाण्याकडच्या किती शाळकरी मुलांनी त्या पाहिल्या असतील, या प्रश्नाचे उत्तर फारसे अभिमानास्पद असण्याचा संभव नाही.

तथापि मूर्ती गावात राहावी असे म्हणणाऱ्यांनी त्यापुढचा प्रश्नही विचारावयास हवा होता, आणि तो अजून पुरेशा मोठ्या आवाजात विचारला गेलेला नाही. गावात राहून ती कोणाच्या कामी येणार? उत्सवाच्या दिवशी हार घालण्यासाठी आणि उरलेले दिवस कुलुपात ठेवण्यासाठी ती राहणार असेल, तर नागपूर आणि सिंदखेडराजा यांत मुलांच्या दृष्टीने फरक एवढाच, की नागपूरला निदान दार उघडण्याची वेळ ठरलेली असते.

असा प्रसंग या जिल्ह्यावर पूर्वीही आला होता. १८८८ मध्ये मेहकरला खोदकामात शार्ङ्गधराची भव्य मूर्ती सापडली. ती विलायतेला नेण्याचा सरकारी अधिकाऱ्यांचा विचार होता आणि गावकऱ्यांनी तातडीने तिची प्रतिष्ठापना करून तो हाणून पाडला, अशी हकिकत मेहकरात आजही सांगितली जाते. एकदा मूर्तीची पूजा सुरू झाली की तिला हात लावणे सरकारला जड जाणार, हा हिशेब करणारी माणसे व्यवहारी होती आणि धीटही. त्यांच्यामुळे मेहकरला देव लाभला. पण सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर सिंदखेडराजाच्या मूर्तीबाबत तोच एक मार्ग आपल्याला सुचत असेल, तर मधल्या काळात एवढ्या शाळा निघाल्या त्या कशासाठी, असे कोणी विचारल्यास राग मानण्याचे कारण नाही. देवळात नेलेली मूर्ती दर्शनाची होते आणि संग्रहालयात नेलेली पाहण्याची. शिकण्याची ती दोन्ही ठिकाणी आपोआप होत नाही. त्यासाठी कोणीतरी निराळा खटाटोप करावा लागतो.

शाळेची सहल हा तो खटाटोप आहे, असे समजण्याची पद्धत आहे. बुलढाणा जिल्ह्यातील शाळांच्या सहली सिंदखेडराजाला जातात, लोणारला जातात, शेगावला तर जातातच. चौथीच्या वर्गात पिढ्यानपिढ्या शिवचरित्र शिकविले गेले, त्यामुळे जिजाऊंचे जन्मस्थान पाहणे हे ओघानेच आले. पण या सहलींत घडते काय? गाडीतून उतरताना एकदा मुले मोजावयाची, चढताना पुन्हा मोजावयाची. मधल्या वेळात रांग मोडू नये म्हणून ओरडावयाचे. वाटाड्या असलाच तर तो सनावळी सांगतो, मुले ती वहीत उतरवितात, आणि वहीत मान घातल्यामुळे समोरचा दगडी दरवाजा त्यांना दिसतच नाही! परत आल्यावर 'आमची सहल' या विषयावर निबंध होतो. त्यात पहाटे उठल्याचे, गाण्याच्या भेंड्यांचे आणि डब्यातील पदार्थांचे वर्णन येते. शिल्पाविषयी 'तेथील कोरीव काम पाहण्यासारखे आहे' हे एकच वाक्य असते, तेही बहुधा मार्गदर्शकातले. दोष मुलांचा नाही. शंभर मुलांची जबाबदारी डोक्यावर घेऊन निघालेल्या चार शिक्षकांचाही तो पुरता म्हणता येणार नाही. पाहणे ही शिकवावी लागणारी गोष्ट आहे, हेच आपल्या शिक्षणव्यवस्थेने कधी मनावर घेतलेले नाही.

ती शिकविली तर काय होते, याची एक चांगली चाचणी अमेरिकेत झाली आहे. आर्कान्सा राज्यातील बेंटनव्हिल या आडबाजूच्या गावात नोव्हेंबर २०११ मध्ये 'क्रिस्टल ब्रिजेस' हे मोठे कलासंग्रहालय उघडले. त्यापूर्वी त्या भागातील मुलांना असे काही पाहावयास मिळत नव्हते. संग्रहालयाने शाळांना भेट विनामूल्य ठेवली आणि येण्याजाण्याचा खर्चही उचलला. साहजिकच इतक्या शाळांनी अर्ज केले, की चिठ्ठ्या टाकून क्रम लावावा लागला. आर्कान्सा विद्यापीठातील जे ग्रीन आणि त्यांचे सहकारी यांनी या चिठ्ठ्यांचाच उपयोग करून घेतला. ज्यांचा क्रम आधी लागला ती मुले आणि ज्यांचा मागून लागणार होता ती मुले, अशी १२३ शाळांतील सुमारे अकरा हजार मुलांची तुलना त्यांनी केली व २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका चित्रात मेपलच्या रसापासून साखर तयार करणारी मंडळी होती. गुलामगिरीचे विरोधक गुलामांच्या श्रमातून निघालेली उसाची साखर वर्ज्य करून ही साखर वापरीत, हा त्यामागचा संदर्भ काही आठवड्यांनंतरही शंभरांतील ८८ मुलांच्या ध्यानात होता. कोणी परीक्षा घेणार नव्हते, पाठांतर करून घेतले नव्हते. एवढेच नव्हे, पूर्वी न पाहिलेले चित्र समोर ठेवले असता संग्रहालयात जाऊन आलेल्या मुलांनी त्यात अधिक बारकावे टिपले आणि आपल्या म्हणण्याला आधार दिले. आणि बुलढाण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष असा, की खेड्यातील आणि गरीब वस्तीतील शाळांच्या मुलांवर हा परिणाम इतरांपेक्षा कितीतरी जास्त झाला. शहरातल्या सुखवस्तू मुलाला संग्रहालय आईबाप दाखवितात. खेड्यातल्या मुलाला ते शाळेने दाखविले नाही तर कोणीच दाखवीत नाही. यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. पण आपल्याकडे उघड गोष्टींनाही आकड्यांचा टेकू लागतो.

या भेटींत व्याख्याने नव्हती. मोजकीच चित्रे, एकेका चित्रापुढे काही मिनिटे, आणि बोलावयाचे ते बहुतेक मुलांनी. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षणविभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्राच्या अभ्यासक ॲबिगेल हाउसेन यांनी याच धर्तीची जी पद्धत रूढ केली, तिचा सारा भार तीन साध्या प्रश्नांवर आहे. येथे काय चालले आहे? तुला असे कशावरून वाटते? आणखी काय दिसते? शिक्षकाने उत्तर सांगावयाचे नाही. मूल जे बोलेल ते समोरच्या वस्तूत बोट ठेवून दाखवावयास लावावयाचे.

हे तीन प्रश्न घेऊन सिंदखेडराजाच्या शेषशायीपुढे पाचवीचा वर्ग बसविला तर काय निघेल, याची कल्पना करणे कठीण नाही. निजलेला माणूस कोण, हे बहुतेकांना ठाऊक असेल. पण तो झोपला आहे की जागा आहे? पायाशी बसलेल्या बाईचा आकार एवढा लहान का? घोडा येथे कसा आला? मंथनाची गोष्ट आजीने सांगितलेली असली, तर ती एखादी मुलगी सांगेल आणि दुसरा मुलगा तीत भर घालील. मग कोणीतरी विचारील की हा दगड आपल्या शेतातल्या दगडासारखा का नाही. त्या एका प्रश्नात भूगोल आहे, इतिहास आहे आणि व्यापारही आहे. हा दगड कोठला, तो येथवर कोणी आणि कसा आणला, की मूर्तीच घडवून आणली? या प्रश्नांवर जाणकारांनाही विचार करावा लागेल. मुलांना उत्तर माहीत नसलेला आणि गुरुजींनाही माहीत नसलेला प्रश्न वर्गात उपस्थित होणे ही आपल्याकडे अप्रतिष्ठेची बाब समजली जाते. वस्तुतः शिक्षणाला तेथूनच सुरुवात होते.

कलेचा तास म्हणजे चित्रकलेचा तास, ही समजूतही अशा ठिकाणी टिकत नाही. विष्णूच्या उभ्या मूर्तीला चार हात असतात आणि शंख, चक्र, गदा, पद्म अशी चार आयुधे. ही आयुधे चार हातांत किती प्रकारे देता येतील? पहिल्या हाताला चार पर्याय, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन आणि उरलेले चौथ्याला. म्हणजे चार गुणिले तीन गुणिले दोन, चोवीस. संध्येत आचमन करताना जी केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावे घेतली जातात, ती या चोवीस मांडण्यांचीच नावे आहेत. उजव्या खालच्या हातात पद्म, वरच्यात शंख, डाव्या वरच्या हातात चक्र आणि खालच्यात गदा असेल तर तो केशव. काही नावांच्या क्रमाबाबत ग्रंथाग्रंथांत मतभेद आहेत, हा भाग निराळा. पण आयुधे अदलाबदल करून नावे ठरविण्यापूर्वी कोणीतरी सर्व शक्यता मोजल्या होत्या आणि एकही सोडली नव्हती, हे मुलाला कळले तर? वरच्या वर्गात क्रमपर्यायाचे सूत्र फळ्यावर उतरवून घेतले जाते आणि ते कशाला लागते हे कोणी सांगत नाही. त्या सूत्राला हात-पाय फुटलेले मुलाला आपल्याच तालुक्याच्या एखाद्या पडक्या देवळात दिसू शकतात. गणिताच्या शिक्षकाने सहलीला जाण्यासाठी याहून चांगले निमित्त कोणते हवे?

अशी निमित्ते या जिल्ह्यात पावलोपावली आहेत. लोणारला लोक सरोवर पाहण्यासाठी जातात आणि गावातील दैत्यसूदनाच्या मंदिरात उभ्या उभ्या डोकावून येतात. त्या मंदिराचा तळ ताऱ्याच्या अंगाने कोन फोडीत गेलेला आहे; भूमितीच्या पेटीतील गुण्याने तो कागदावर उतरवून पाहावा. सातगाव, साकेगाव, कोथळी, धोत्रा येथील देवळे, मेहकरची जुनी धर्मशाळा, चुन्यावाचून दगडावर दगड कसा तोलला जातो याची उदाहरणे आहेत. आणि हे सारे एकाच धर्माचे नाही. मोताळा तालुक्यातील रोहिणखेडची मशीद १५८२ मधली आहे. संग्रामपूर तालुक्यात पूर्णाकाठी भोन येथे डेक्कन कॉलेजच्या पुराविदांनी या शतकाच्या पहिल्या दशकात केलेल्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे आणि प्राचीन पाणीव्यवस्थेचे अवशेष मिळाले. जिगाव प्रकल्पाच्या पाण्याचे सावट त्या जागेवर आहे. सरकारी शाळेने देवांच्या मूर्तींपुढे वर्ग बसवावा काय, अशी शंका कोणी काढील. वर्ग बसावा तो पाहण्यासाठी. ज्या डोळ्यांनी शेषशायी पाहावयाचा त्याच डोळ्यांनी रोहिणखेडची कमान आणि भोनची वीट पाहिली, म्हणजे ती शंका उरणार नाही. नाही पाहिली तर ती रास्तच ठरेल.

खेड्यात कलासंग्रहालय ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. साताऱ्याकडील औंधसारख्या लहानशा संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये डोंगराच्या अंगावर श्रीभवानी संग्रहालय उभारले. रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे एक शिल्पही त्यांनी तेथे आणून ठेवले. राजा स्वतः चित्रकार होता, अजिंठ्यावर पुस्तक लिहिणारा होता, म्हणून हे घडले हे खरे. बुलढाणा तर अजिंठ्याच्याच डोंगररांगेवर वसले आहे. त्या लेण्यांत १८७२ पासून पुढील तेरा वर्षे जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी नेऊन नकला करविल्या. त्यांपैकी कितीतरी १८८५ मध्ये लंडनला आगीत जळाल्या. पण पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार त्या भिंतींपुढे बसून घडले, ते काही जळाले नाहीत.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाने २०१५ पासून फिरते संग्रहालय सुरू केले आणि त्याची बस शाळांच्या दारी, मुंबईबाहेरही जाऊ लागली. २०१९ मध्ये मुलांसाठी निराळे दालनही उघडले. कोलकात्याच्या बिर्ला संग्रहालयाने विज्ञानाची बस १९६५ सालीच खेड्यांत पाठविली होती. न्यूअर्क येथील संग्रहालयाचे संस्थापक जॉन कॉटन डाना हे तर गेल्या शतकाच्या आरंभीच वस्तू शाळांना उसन्या देत असत. बस येते ही उत्तमच गोष्ट आहे. पण ती पुन्हा कधी येणार हे शाळेच्या हाती नसते, आणि बुलढाण्याची मूर्ती दाखविण्यासाठी मुंबईहून बस येण्याची वाट पाहणे हेही चमत्कारिकच म्हणावे लागेल.

आता शिक्षकांचा विचार. चित्रकलेच्या शिक्षकाची शाळेतील प्रतिष्ठा एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांच्या निकालावर आणि दहावीच्या निकालात मिळणाऱ्या वाढीव गुणांवर येऊन ठेपली आहे. मुले स्मरणचित्र काढतात ते बाजाराचे, नाही तर बसस्थानकाचे. कारण तेच येते. संकल्पचित्रात छापील पुस्तकातली नक्षी उतरते. लोणारच्या भिंतीवरची वेल तीत उतरावी असे परीक्षेने कधी अडविलेले नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शंभरांहून अधिक पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळांना कलेचे अंशकालीन निदेशक देऊ केले; त्यांच्या मानधनाचा आणि नेमणुकांचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्यास सांगितले आहे, आणि २०२३ च्या अभ्यासक्रम आराखड्यात कलेला स्वतंत्र विषयाचे स्थान आहे. धोरणांची उणीव आपल्याकडे कधीच नव्हती. मतदारयाद्या, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या रेट्यात सापडलेल्या गुरुजींना आणखी एक परिपत्रक पाठवून हे काम होईल असे कोणी समजत असेल, तर तो त्याचा भाबडेपणा.

पैशाची सबब पुढे येईल. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. अडते ते तिकिटापाशी नाही, गाडीभाड्यापाशी. बेंटनव्हिलला भाडे संग्रहालयाने दिले. येथे जिल्हा नियोजनाच्या निधीतून दर वर्षी एका इयत्तेचे एका दिवसाचे एसटीचे भाडे दिले, तरी जिल्ह्यातील प्रत्येक मूल शाळा सोडण्यापूर्वी एकदा तरी या मूर्तींपुढे बसलेले असेल. ज्या शाळेला ते जमणार नाही, तिच्याकडे वस्तू पाठवाव्यात. तेरा तालुक्यांच्या तेरा गटसाधन केंद्रांत एकेक लोखंडी पेटी असावी. तीत शेषशायीच्या काही भागांचे प्लास्टरचे साचे, देवळांच्या नक्षीचे कागदावर घेतलेले ठसे, बसाल्टचा आणि शिस्टचा एकेक तुकडा, भोनच्या मृण्मय वस्तूंच्या प्रतिकृती आणि मोठी छायाचित्रे असावीत. केंद्रप्रमुखाने ती शाळाशाळांतून फिरवावी. प्रतिकृती मोडली तर मोडली. मुलाने हातात धरून पाहिलेली वस्तू मोडण्याचा हक्क त्याला थोडाफार असतोच.

दिवसही नीट निवडावयास हवेत. जागतिक संग्रहालय दिन १८ मे रोजी येतो. त्या दिवशी विदर्भात उन्हाने दगड तापलेला असतो आणि शाळांना सुटी असते. त्यामुळे तो साजरा होतो तो भाषणांनी. १२ जानेवारीला सिंदखेडराजात लाखोंची गर्दी लोटते. त्या दिवशी पाहणे शक्य नसते. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह मात्र शाळा चालू असताना येतो, हवा बरी असते, आणि सहलींचा हंगामही तेव्हाच सुरू होतो. त्याआधी दिवाळीच्या सुटीनंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने शिक्षकांचे दोन दिवसांचे वर्ग लोणारला आणि सिंदखेडराजाला प्रत्यक्ष जागेवर घ्यावेत. सभागृहात पडद्यावर छायाचित्रे दाखवून नव्हे.

खरी अडचण निराळीच आहे. सिंदखेडराजातील काही वास्तू केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, काही राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. पहिल्याचे मंडळ कार्यालय नागपुरात, दुसऱ्याचे मुख्यालय मुंबईत. शाळा जिल्हा परिषदेच्या, आणि खाजगी संस्थांच्याही. या तिन्ही ठिकाणच्या फायली एकमेकींना कधी भेटत नाहीत. मूर्तीपुढे वीस मुलांचा वर्ग अर्धा तास जमिनीवर बसवावयाचा तर परवानगी कोणाची घ्यावयाची, साचा काढण्यास संमती कोण देणार, खाली मराठीत चार ओळींची पाटी लावावयाची तर तिचा मजकूर कोण तपासणार, हे आज एकाही मुख्याध्यापकाला खात्रीने सांगता येणार नाही. या सर्वांना एका टेबलाभोवती बसवू शकेल असा अधिकारी जिल्ह्यात एकच असतो, तो म्हणजे जिल्हाधिकारी. मूर्ती कोठे राहावी यासाठी त्यांच्याकडे निवेदने देण्याची सवय लोकांना आहेच. पुढच्या निवेदनावर शाळांच्या मुख्याध्यापकांच्या आणि कलाशिक्षकांच्याही सह्या असावयास हव्यात, आणि त्यात मागणी वर्ग बसविण्याच्या परवानगीची असावी.